वीस पर्याय, आणि एकाचंही कारण सांगता येईना

पत्र:

मी अकरा वर्षं ग्राफिक डिझायनर म्हणून काम करते. बहुतेक काम पॅकेजिंग आणि ब्रँडिंगचं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत नवा ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवंय ते सांगणारं टिपण, आला की पहिले दोन दिवस मी नुसती वही भरायचे. आता सकाळी ब्रीफ येतो आणि दुपारपर्यंत वीस पर्याय हवे असतात. मी एआयला सांगते, ते चित्रं देतं, त्यातली बरी निवडून मी साफसूफ करते. काम पास होतं, साहेब खूश आहेत. पण मागच्या महिन्यात प्रेझेंटेशनमध्ये क्लायंटने सहज विचारलं, "हा आकार असाच का?" मला काही सांगताच येईना. काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्या रात्री जुनी वही काढून बसले. तासभर पान कोरंच राहिलं. आमच्याकडे एक नवा मुलगा आलाय. त्याला स्केचिंग येत नाही, पण मला आठवडा लागायचा ते तो दोन दिवसांत करतो. माझी क्रिएटिव्हिटी संपली का? एआय वापरणं सोडून द्यावं का? सोडलं तर नोकरी राहील का?

ता. क. हात पुन्हा चालू व्हावा म्हणून चांगलासा ड्रॉइंग टॅब्लेट घ्यायचं मनात आहे. घेऊ का?

— कोरं पान

प्रिय कोरं पान,

तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यापाशी मी अडले, ते नोकरीबद्दलचं नव्हतं आणि कोऱ्या पानाबद्दलचंही नव्हतं. "हा आकार असाच का?" तिथे मी थांबले. अकरा वर्षांत हा प्रश्न तुम्हाला कितीतरी वेळा विचारला गेला असणार, आणि तेव्हा उत्तर तयार असायचं. कारण त्या आकारापर्यंत तुम्ही स्वतः चालत गेलेल्या असायच्या. कुठे वळलो, कुठली वाट पुढे बंद निघाली, हे पायांनाच आठवत होतं. या वेळी कोणीतरी तुम्हाला गाडीत घालून थेट दारात सोडलं. पत्ता बरोबर होता, म्हणून काम पास झालं. पण रस्ता विचारल्यावर तुम्ही सांगणार काय?

"क्रिएटिव्हिटी संपली का" हा प्रश्न मला जरा मोघम वाटतो. दागिना हरवावा तशी ती एक दिवस हरवत नाही. तुमचं काय सुटलंय ते मात्र नेमकं सांगता येतं: वाईट चित्रं काढायची सवय.

वहीत काय चालायचं ते आठवून बघा. पहिली आठ-दहा चित्रं टाकाऊ. मागच्या कामातलं उरलंसुरलं, दुसऱ्याचं कुठेतरी पाहिलेलं, कोणालाही पहिल्यांदा सुचेल असं, ते सगळं आधी बाहेर पडतं. ते बाहेर पडलं की डोक्यात जागा होते. मग बाराव्या की पंधराव्या चित्रात रेघ चुकते. वळण जरा जास्तच खाली जातं, दोन आकार नको तिथे चिकटतात, आणि आपण थबकतो: अरे, हे काय झालं? आमच्या धंद्यात कल्पना सुचते ती बहुतेक वेळा अशीच. आधी डोक्यात सुचून मग कागदावर उतरली, असं क्वचितच होतं. ती कागदावर घडते आणि डोक्याला मागाहून कळते.

फेडेक्सच्या लोगोतला बाण तुम्ही पाहिलेला आहेच, ई आणि एक्स या अक्षरांच्या मधल्या पांढऱ्या जागेत लपलेला. १९९४ मध्ये लँडॉर या संस्थेतल्या लिंडन लीडर यांनी तो लोगो केला. त्यासाठी त्यांच्या चमूने दोनशेच्या घरात कल्पना काढल्या होत्या. "बाण दाखवा" असं ब्रीफमध्ये कोणी लिहिलं नव्हतं. युनिव्हर्स आणि फ्युचुरा या दोन टाइपफेसशी, म्हणजे अक्षरांच्या ठरावीक वळणांशी, खेळता खेळता, अक्षरं एकमेकांजवळ सरकवता सरकवता तो त्यांना दिसला. दिसल्यावर काम सुरू झालं: बाण ओढूनताणून आणलेला वाटू नये म्हणून त्यांनी दोन्ही टाइपफेसचे गुण एकत्र करून अक्षरंच नव्याने घडवली. आता हा बाण एआयला प्रॉम्प्ट, म्हणजे शब्दांतली सूचना, लिहून मागायचा झाला तर? तो आहे हे आधी माहीत असायला हवं. माहीत असेल तर मग शोधायचं काय उरलं?

एआयच्या बाबतीतली माझी खरी अडचण इथे आहे. त्याला आधी शब्द लागतात. जेवढं शब्दांत सांगता येतं तेवढंच मागता येतं. आणि अर्धं डिझाइन हे शब्दाच्या अलीकडचं असतं. हाताला कळलेलं, पण अजून नाव न पडलेलं. तुम्ही "मायाळू, आधुनिक, स्वच्छ" असं लिहिता. तुमच्या मनात त्या तीन शब्दांचा जो नेमका रंग असतो तो यंत्रापर्यंत पोहोचत नाही, फक्त शब्द पोहोचतात. मग यंत्र जगभरातल्या सगळ्यांच्या "मायाळू, आधुनिक, स्वच्छ"ची गोळाबेरीज काढून तुमच्यापुढे ठेवतं.

गोळाबेरीज हा शब्द मी सहज वापरलेला नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये खुलं झालेलं स्टेबल डिफ्यूजन हे शब्दांवरून चित्र काढणारं एआय ज्या लायन-५बी नावाच्या संचातल्या निवडक भागांवर शिकलं, त्या संचात ५ अब्ज ८५ कोटी चित्रं आणि त्यांच्यासोबतचा मजकूर अशा जोड्यांची नोंद आहे. या प्रकारचं मॉडेल टीव्हीवरच्या मुंग्यांसारख्या निव्वळ ठिपक्यांपासून सुरुवात करतं आणि टप्प्याटप्प्याने ते ठिपके पुसत, तुमच्या शब्दांशी सहसा जे चित्र जोडलेलं आढळतं त्याच्या दिशेने सरकत जातं. "सहसा" हा त्याचा स्वभाव आहे. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, ते तसंच बनवलेलं आहे. पण ब्रँडचं काम म्हणजे सहसा जे असतं त्यातून एकाला वेगळं उभं करणं. तुम्ही गर्दीतून उठून दिसायचं औषध गर्दीलाच विचारताय.

मी अधूनमधून नव्या डिझायनर मुलांना शिकवते. एकदा सगळ्यांना वेगवेगळं बसवलं आणि एआयच्या मदतीने वाचनालयासाठी चिन्ह करायला सांगितलं. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी उघडलेलं पुस्तक आणलं, आणि त्या पुस्तकाचा एक तर पक्षी झालेला होता नाही तर झाड. प्रत्येकाला आपला पक्षी आपल्यालाच सुचलाय असं वाटत होतं. सगळी चित्रं भिंतीवर शेजारी शेजारी लावली तेव्हा वर्गात जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. एकेकटं पाहिलं तर प्रत्येक चित्र देखणं होतं, हेही कबूल करायला हवं.

हा माझा एकटीचा अनुभव असता तर मी फार ताणलं नसतं. २०२४ मध्ये सायन्स अॅडव्हान्सेस या नियतकालिकात लघुकथांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना लिहिण्याआधी एआयने कल्पना पुरवल्या त्यांच्या कथा वाचकांना जास्त सर्जनशील वाटल्या, आणि ज्यांचा हात मुळात बेताचा होता त्यांना फायदा सगळ्यात जास्त झाला. पण त्याच कथा एकमेकींसारख्या जास्त निघाल्या. म्हणजे प्रत्येकाचं भलं होतं आणि सगळ्यांचं मिळून नुकसान होतं. तुमच्या ऑफिसातल्या नव्या मुलाचा वेग आणि तुमची अस्वस्थता या दोन्हींचा उगम मला यातच दिसतो.

दुसरी गोष्ट क्रमाची, आणि तुम्हाला द्यायचा माझा खरा सल्ला तिच्यावरच उभा आहे.

१९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ या दोन संशोधकांनी इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांवर आणि इंजिनिअरांवर काही प्रयोग केले. एका प्रयोगात सांडणार नाही असा कॉफीचा कप करायचा होता. सूचना स्पष्ट होती: स्ट्रॉ वापरायचा नाही. काहींना सोबत नमुना म्हणून एक चित्र दिलं, त्यात नेमका स्ट्रॉ होता. ज्यांनी ते चित्र पाहिलं त्यांच्या कपांमध्ये स्ट्रॉ जास्त वेळा आला, "वापरू नका" असं लिहिलेलं असूनसुद्धा. या अडकण्याला तेव्हापासून डिझाइन फिक्सेशन म्हणतात. आधी पाहिलेलं चित्र डोळ्यांतून निघत नाही, आणि आपण अडकलोय हे आपल्याला कळतही नाही. २०२४ मध्ये असाच प्रयोग एआयच्या चित्रांबाबत झाला. साठ जणांना एका चॅटबॉटचं रूप कसं असावं याची स्केचेस करायची होती. काहींना कसलीच मदत नव्हती, काहींना इंटरनेटवरची चित्रं शोधायची मुभा होती, काहींच्या हाताशी एआय होतं. आधी दाखवलेल्या नमुन्यात एआयवाले जास्त अडकलेले निघाले. कसलीच मदत नसलेल्यांपेक्षा त्यांना कल्पना कमी आल्या, त्यांत विविधता कमी, नवेपणाही कमी.

तुम्ही सकाळी ब्रीफ वाचता आणि लगेच प्रॉम्प्ट लिहिता. म्हणजे रोज सकाळी, पहिली रेघ ओढायच्या आधी, तुम्ही स्वतःला वीस स्ट्रॉवाले कप दाखवता. आणि मग रात्री वहीसमोर बसून विचारता की मला काही सुचत का नाही.

एआय सोडून द्या असं मी सांगणार नाही. ते मला पटतही नाही आणि परवडेल असंही नाही. फक्त क्रम फिरवा. ब्रीफ आला की पहिला पाऊण तास तुमचा. स्क्रीन बंद, फोन दुसऱ्या खोलीत, कागद आणि काहीही: बॉलपेन, मार्कर, तुटकी पेन्सिल. त्यात किमान पंधरा लहान चित्रं, काड्यापेटीच्या आकाराची, त्याहून मोठी नकोत. मोठं काढलं की माणूस सजवायला बसतो. वाईट निघतील. निघू द्या, त्यासाठीच हा वेळ आहे. मग त्यातली तीन निवडा आणि प्रत्येकीखाली एक वाक्य लिहा: "हे असं आहे, कारण..." ज्याचं कारण लिहिता येणार नाही ते कितीही गोंडस असलं तरी बाजूला. क्लायंटच्या त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही अशा प्रकारे प्रेझेंटेशनच्या आठ दिवस आधीच लिहून ठेवलेलं असेल.

त्यानंतर एआय उघडा. आता तुम्ही त्याच्याकडे प्रश्न घेऊन जाताय. तुमचं स्केच त्यात टाका. बहुतेक साधनांत आता शब्दांसोबत चित्रही देता येतं. हेच वळण ठेवून सहा रंगसंगती दाखव म्हणा. हा डबा फडताळात इतर डब्यांच्या शेजारी कसा दिसेल, अंधूक उजेडात कसा दिसेल, ते मागा. पार्श्वभूमी वाढवणं, फोटोतली नको ती वस्तू काढणं, मॉकअप म्हणजे वस्तू प्रत्यक्षात कशी दिसेल याचं नमुना-चित्र, या कामांत पूर्वी दिवस जायचे आणि त्यात काही रोमांच नव्हता. ती कामं खुशाल सोपवा, अपराधी वाटून घेऊ नका. एक उपयोग तर मला विशेष आवडतो: तुमची तीन चित्रं ठरल्यावर तोच ब्रीफ एआयला जसाच्या तसा द्या आणि त्याने काय काय दिलं ते बघा. ती झाली "सगळ्यांना सुचणाऱ्या गोष्टींची" यादी, फुकटात मिळालेली. तुमच्या तीनपैकी एखादं त्यात सापडलं तर ते काढून टाका. पण हे आधी करायचं नाही, नंतरच. आधी केलंत तर स्ट्रॉची गोष्ट आठवा.

आणि अक्षरं. देवनागरीत काम करत असाल तर हे तुम्हाला सांगायला नको: एआयने काढलेल्या चित्रातली जोडाक्षरं नीट वाचून बघितल्याशिवाय पुढे पाठवू नयेत. रफार भलत्याच अक्षरावर, वेलांटी हवेत, शिरोरेषा मध्येच तुटलेली, आणि एकूण चित्र इतकं झोकदार की तीन जणांच्या नजरेतून ते निसटतं. अक्षर हे अजून बऱ्याच अंशी हाताचं राज्य आहे. हात पुन्हा चालू करायचा तर सुरुवात मी तिथूनच करीन.

यावर तुम्ही म्हणाल की यंत्रही चुकतं, आणि त्या चुकीतून नवं काही निघू शकतंच की. निघतं. मी असे डिझायनर पाहिले आहेत जे एआयला मुद्दाम परस्परविरोधी गोष्टी मागतात आणि त्या गोंधळातून काहीतरी विलक्षण उचलतात. पण उचलायला डोळा लागतो. हजारातून ते एक ओळखणारा डोळा ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो कुठे कमावला, हे विचारून बघा. बहुतेकांच्या घरी भरलेल्या वह्यांचा ढीग सापडेल.

हे सगळं सांगणारी मी फार शहाणी होते असं समजू नका. १९९८ मध्ये फोटोशॉपची पाचवी आवृत्ती आली आणि तिच्यात अक्षरांना एका क्लिकवर सावली, उठाव, चमक देण्याची सोय झाली. त्यानंतरची दोन वर्षं मी एकाही अक्षराला जमिनीवर पाय टेकू दिला नाही. सगळी तरंगत होती. क्लायंट खूश होते, मीही होते. मग एके दिवशी एका वयस्कर सहकाऱ्याने माझ्या पोस्टरसमोर उभं राहून विचारलं, "ही सावली पडलीय, पण उजेड कुठून येतोय?" मला माहीत नव्हतं. मी त्याचा विचारच केला नव्हता. सॉफ्टवेअरने जो कोन आपणहून ठेवला होता तोच राहिला होता. तुमच्या क्लायंटचा प्रश्न वाचला तेव्हा मला तो उजेड आठवला. फरक इतकाच की त्या वेळी मला यंत्राकडून आयती मिळत होती ती सावली. तुम्हाला आता अख्खी वस्तूच आयती मिळते, आणि आयत्या बिळात नागोबा सुखाने राहतो खरा, पण बीळ असंच का खोदलं हे त्याला विचारून उपयोग नाही.

आता साहेब. दुपारपर्यंत वीस पर्याय हा आकडा कुठून आला, याचा विचार केलाय का? कोणी एका क्लायंटने मागितला असेल किंवा एकदा तुम्हीच उत्साहाने दिला असेल, आणि मग तो नियम झाला. वेळेवरून भांडू नका, त्यात तुम्ही हराल, कारण समोरच्याला वेगाची चटक लागलेली आहे. आकड्यावर बोला. एकच काम निवडा, फार मोठं नको, आणि साहेबांना म्हणा, "या वेळी मी वीसऐवजी तीन दाखवते, पण प्रत्येकाचं कारण लिहून देते. क्लायंट किती फेऱ्यांत हो म्हणतो ते मोजू या." वीस पर्याय दिले की क्लायंट चौथ्याचं डोकं आणि अकराव्याचे पाय मागतो, हे त्यांनाही ठाऊक आहे. फेऱ्या कमी झाल्या तर युक्तिवादाची गरज उरणार नाही.

आणि नाहीच ऐकलं तर? काही ठिकाणी खरंच कोणाला कारणं नको असतात, फक्त ढीग हवा असतो. मग पाऊण तास तुमचा तुम्हीच चोरून काढावा लागेल, आणि सोबत दुसरी जागा शोधायलाही लागा. नोकरी राहील का याची हमी मी देणार नाही. १९८५ मध्ये संगणकावर पानं जुळवणारं पेजमेकर हे सॉफ्टवेअर आलं तेव्हा "चांगल्या माणसांना काही होणार नाही" असंच सगळे म्हणत होते. टाइपसेटिंग आणि कात्री-डिंकाने पानं जुळवणारी कितीतरी उत्तम माणसं त्यानंतरच्या दहा वर्षांत त्या कामातून बाहेर पडली, आणि त्यांच्या हातात काही कमी होतं म्हणून नव्हे. या वेळीही काही काम जाईल. माझा अंदाज विचाराल तर, ज्या कामाला कोणी कधी "का" विचारत नाही ते आधी जाईल. तुम्हाला विचारणारा क्लायंट आहे. त्याचा राग मानू नका.

त्या नव्या मुलाबद्दल तुम्ही फक्त वेग लिहिलात. मला त्याची जास्त काळजी वाटते. तुमच्यापाशी सुटलेली का होईना, सवय आहे. ती परत धरता येते. त्याला ती लागायच्या आधीच देखणी चित्रं मिळायला लागली. स्वतःची शंभर वाईट चित्रं त्याने कधी पाहिलेलीच नाहीत, मग बरं आणि चांगलं यांतला फरक तो कशावरून करणार? त्याच्याशी शर्यत लावू नका. तो साधन कसं चालवतो ते त्याच्याकडून शिकून घ्या, त्यात कमीपणा काही नाही, आणि बदल्यात त्याच्या प्रत्येक चित्राला तुमच्या क्लायंटचा प्रश्न विचारा. पहिले काही दिवस तो चिडेल.

एक व्यवहाराची गोष्टही सांगून ठेवते, कारण ब्रँडच्या कामात ती हमखास वर येते. निव्वळ एआयने काढलेल्या चित्रावर मालकी कोणाची, याची उत्तरं देशोदेशी वेगळी आहेत. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटलं की आज ज्या प्रकारे ही साधनं चालतात ते पाहता केवळ प्रॉम्प्ट दिल्याने माणूस त्या चित्राचा कर्ता ठरत नाही; माणसाने स्वतः घातलेली भर, रचना आणि बदल यांना संरक्षण मिळू शकतं. त्याआधी, २०२३ मध्ये, याच कार्यालयाने एका चित्रकथेतल्या मजकुराला आणि मांडणीला संरक्षण दिलं होतं, पण तिच्यातल्या एआयच्या चित्रांना नाकारलं होतं. ज्या क्लायंटला ते चिन्ह पुढची वीस वर्षं वापरायचंय त्याला हे आधी कळायला हवं. काय यंत्राने केलं आणि काय तुम्ही, हे त्याला स्पष्ट सांगा, आणि करार करताना वकिलाला दाखवा. तारीख घातलेली स्केचेस जपून ठेवण्याचं हे आणखी एक निमित्त.

त्या रात्रीच्या कोऱ्या पानाकडे परत येते. मला त्यात फारसं भयंकर काही दिसत नाही. दिवसभर तुम्ही पूर्ण झालेली, उजेड-सावलीसकट चकाकणारी चित्रं पाहिलीत, आणि मग त्याच डोळ्यांनी स्वतःच्या पहिल्या रेघेकडे बघायला बसलात. कुठली रेघ त्या नजरेपुढे टिकेल? शिवाय ब्रीफ नव्हता. काय काढायचं होतं? "मी अजून क्रिएटिव्ह आहे" याचा पुरावा? तो कोणालाच काढता येत नाही. अकरा वर्षांपूर्वीही तुम्हाला आला नसता.

त्याऐवजी असं करा. समोर असेल ती वस्तू घ्या, किल्ली म्हणा, आणि ती वीस वेळा काढा. पहिल्या पाच वेळा किल्ली निघेल. मग कंटाळा येईल. कंटाळा आला की थांबायचं नाही, खरी गंमत त्याच्या पलीकडेच सुरू होते. नवव्या-दहाव्या किल्लीला तुम्ही दाते मोठे कराल, कडी चेहऱ्यासारखी दिसायला लागेल, एखादी उलटी उभी कराल. कोणाला दाखवायचं नाही, फोटो काढून कुठे टाकायचा नाही. आठवडाभर रोज एक वस्तू. यातून काही उपयोगी निघेल म्हणून हे सांगत नाही. हाताला चुकायची मोकळीक परत मिळावी, एवढंच.

आणि काम पास झालं की वही मिटायची, ही सवयही सोडून बघा. मिल्टन ग्लेझर यांनी न्यूयॉर्कसाठी केलेलं ते लाल बदामाचं चिन्ह सगळ्या जगाला माहीत आहे. त्यासाठी त्यांनी आधी दिलेलं एक वेगळंच डिझाइन मंजूर होऊन गेलं होतं. १९७६ मध्ये टॅक्सीत बसलेले असताना त्यांनी एका लिफाफ्यावर लाल क्रेयॉनने नवीन कल्पना खरडली आणि मग फोन करून मंजूर झालेलं काम बदलायला लावलं. तो चुरगळलेला लिफाफ्याचा तुकडा आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. काम पास झालेलं असतानाही त्यांचा हात चालूच होता, ही गोष्ट मला त्या चिन्हाइतकीच आवडते.

पुढच्या ब्रीफचा पाऊण तास झाला की मला पुन्हा लिहा. पंधरापैकी किती वाईट निघाली ते आवर्जून कळवा. पंधराच्या पंधरा चांगली निघाली तर मात्र मला शंका येईल.

ता. क. टॅब्लेट आत्ता घेऊ नका. त्यात एक चूक पुसायचं बटण असतं, आणि तुम्ही ते पहिल्याच रेघेला दाबाल. आधी घरात आहे ती वही भरू द्या.